दगडांना लावलेला चुना

मी लोकांच्या शेतातल्या दगडांवर चुन्याने बाण, फुल्या आणि गोल काढत गेलो. भर सकाळी, सायकलवरून, शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या मुलखात, कुणालाही न विचारता. त्यात काही चुकतंय असं शेवटची खूण काढून होईपर्यंत मला वाटलं नाही.

चुना कशासाठी, तर संशयासाठी. मला संशय फार लवकर येतो. दूधवाल्याचा येतो, एस.टी.च्या कंडक्टरचा येतो, आणि एखादा फार प्रेमाने बोलायला लागला तर त्याचा हमखास येतो. पण त्या दिवसांत माझा सगळा संशय एकाच माणसावर खर्च होत होता, आणि तो माझा जिवलग मित्र होता.

दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. आम्ही दोघं शहापुरात एकाच कचेरीत, समोरासमोरच्या टेबलांवर. दोघांच्याही पोटांनी टेबलाशी सलगी सुरू केली होती. डॉक्टर म्हणाले, चाला. पण शहापुरात सकाळी चालायला निघालं की कुणीतरी वाटेत गाठून "साहेब, तेवढं आमचं काम" म्हणायचंच. म्हणून सायकली घेतल्या. सायकलवाल्याला हाका मारता येतात, पण धरता येत नाही. सायकलीही साध्या नाहीत; जाड टायरच्या, गिअरच्या, तेव्हा नव्यानेच दिसायला लागलेल्या. रविवारी निघायचं. थोडा डांबरी रस्ता, थोडी बैलगाडीची वाट, थोडं रान, आणि मग उरलेला आठवडा कचेरीत त्याबद्दल बोलायचं.

बोलण्यात मित्र माझ्या पुढे असायचा. सायकलवर तो कायम मागे. आणि तरीही मुक्कामाला माझ्याआधी पोचलेला असायचा, हे गणित मला सुटत नव्हतं. एकदा भातसानगरला मी चढावर जीभ बाहेर काढून पोचलो तर हा झाडाखाली बसून शेंगा सोलतोय. सदरा कोरडा ठणठणीत. केसांत भाताच्या पेंढ्याची एक काडी. आणि थोड्या वेळापूर्वीच पेंढ्याने भरलेला एक टेम्पो माझ्या अंगावर धूळ उडवत पुढे गेला होता.

"काडी कसली रे ही?"

"वाऱ्याने आली असेल."

"वारा कुठाय?"

"आत्ताच पडला."

मीही शेंगा सोलायला बसलो. पण ती काडी माझ्या मनात रुतली ती रुतलीच. झोपताना आठवायची, जेवताना आठवायची. बायको म्हणाली, "गेला असेल टेम्पोने, तुमचं काय गेलं?" तिला सायकलिंगमधलं काही कळत नाही असं मी ठरवून टाकलं.

पुढच्या फेरीचा बेत मीच केला. शहापूरहून किन्हवलीपर्यंत डांबरी, तिथून पुढे एका मोरीपाशी रस्ता सोडायचा, शेतं आणि रान तुडवत नदी ओलांडायची आणि मुरबाडच्या अंगाला सरळगावला निघायचं. मी मित्राला म्हटलं, "मी आधी निघतो, तू मागून ये. तुला वाट कळावी म्हणून खुणा करत जाईन." तो म्हणाला, "किती काळजी करतोस रे माझी!" खुणांची खरी गोम त्याला ठाऊक नव्हती. प्रत्येक ठिकाणी मी वेगळी आकृती काढणार होतो. कुठे फुली, कुठे गोल, कुठे बाणाखाली दोन रेघा, ओढ्याजवळ चांदणी. सरळगावात त्याला समोर बसवायचं आणि विचारायचं, सांग, ओढ्याजवळ काय होतं? टेम्पोतून आलेल्या माणसाला काय सांगता येणार?

दिवाळीत घराला दिलेला चुना उरला होता. तो एका झाकणाच्या डब्यात कालवला, डबा सायकलच्या दांडीला सुतळीने बांधला आणि रंगवायला जुना दाढीचा ब्रश घेतला. शिवाय पुढच्या चाकाला मी नुकतंच एक यंत्र लावून घेतलं होतं. चाक फिरलं की ते टिकटिक करायचं आणि किती अंतर झालं ते आकड्यात दाखवायचं. ते मुळात लहान पोरांच्या सायकलीचं होतं, माझ्या मोठ्या चाकाशी त्याचं जमत नव्हतं, त्यामुळे ते काहीही दाखवायचं. पण टिकटिक ऐकायला बरी वाटायची.

किन्हवलीला टपरीवर चहा घेतला. बाकावर एक पांढऱ्या टोपीवाला बसला होता. त्याने आधी टायर बघितले, मग डबा, मग ब्रश, मग यंत्र, आणि सगळ्यात शेवटी माझी अर्धी चड्डी.

"कुठं निघालाव?"

"रस्ता कुठून कसा जातो ते बघतोय जरा."

"कंचा रस्ता?"

"बघू. नदीपर्यंत तर जातो, मग ठरवू."

"सरकारी का तुमी?"

आता खरं म्हटलं तर मी होतोच सरकारी. कचेरीतला कारकून सरकारी नाही तर काय खासगी? शिवाय अर्ध्या चड्डीत थोडा मान मिळत असेल तर कुणाला नको असतो! मी बशीतला चहा फुंकून म्हणालो, "तसंच समजा."

तो समजला. चहा अर्धा टाकून उठला आणि आपल्या साध्या सायकलवर टांग मारून गेला. केवढ्या घाईत गेला! माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, हा पुढे जाऊन कुणाला तरी सांगणार की एक नवी गिअरची सायकल एकटीच रानात येतेय.

टपरीवाल्याला मोरी विचारली, तो म्हणाला शाळेच्या पुढे. बाजूचा म्हणाला छे, शाळेच्या अलीकडे. दोघं वेगळं सांगतायत म्हणजे दोघं मिळून आपल्याला भलतीकडे धाडतायत, असा मी सरळ अर्थ लावला. प्रत्यक्षात शाळेच्या दोन्ही अंगांना एकेक मोरी होती.

पलीकडच्या मोरीच्या कठड्यावर मी पहिला बाण काढला, त्याखाली ठसठशीत फुली. काम छान जमलं. काळ्या कातळावर चुना असा उठून दिसतो की आपल्याला चित्रकलेत कुणी पुढे का आणलं नाही याची हळहळ वाटावी.

आत वाट गाडीची होती. भाताची कापणी होऊन महिने लोटलेले, खाचरांत नुसती रोपांची खुंटं. सायकल त्यांच्यावरून जाताना माझे दात आपोआप वाजत होते. मधूनमधून जमिनीचे चौकोन काळेभोर दिसत. पावसाळ्यात रोपं करायची त्या तुकड्यावर इकडे शेण, पालापाचोळा पसरून भाजतात, त्याला राब म्हणतात. राब नुकतेच भाजलेले होते, काजळी उडत होती. पुढे सागाचं रान. वाळलेली पानं टायरखाली पापडासारखी मोडायची. मी थांबायचो, ब्रश बुडवायचो, एखादा चांगला बसका दगड बघून गोल काढायचो, लांबून डोळे बारीक करून तो बघायचो आणि पुढे जायचो.

मग कुकारा ऐकू आला. डोंगरावरून कुणीतरी लांब "कूऽऽ" केलं. समोरच्या टेकाडावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. मी थांबलो की आवाज थांबायचा, मी निघालो की पुन्हा. एकदा मागे वळून बघितलं तर करवंदीच्या जाळीआड लाल लुगड्याचा तुकडा दिसला आणि गेला. टोपीवाला, दोन मोऱ्या, कुकारा, लाल लुगडं: सगळे धागे मी जुळवले आणि एका सायकलचोर टोळीचा पूर्ण उलगडा केला. एवढं डोकं मी कचेरीत कधी चालवलं नसेल.

ओढ्याजवळ घाईघाईत चांदणी काढली आणि पुढे पळालो. पण खुणा करण्याच्या नादात मी वाट बघितलीच नव्हती. नदी येईना. गरागरा फिरून पुन्हा एका ओढ्यावर आलो आणि तिथे चांदणीचा दगड दिसला, म्हणजे ओढा तोच. फक्त चांदणी नव्हती. तिच्यावर कुणीतरी ओली काजळी चोपडली होती. मी बोट लावून बघितलं. ताजी होती.

मागच्या गोलाकडे गेलो. दगडच पालथा घातलेला. त्याच्या मागच्या फुलीवर शेणाचा गोळा.

म्हणजे ते माझी परतीची वाट पुसत होते! मी सायकल उचलली आणि दिसेल त्या बांधावरून पळवायला लागलो. बांध संपला, सायकल खाली खाचरात गेली, मी सायकलच्या पुढे गेलो, आणि तोंड वर केलं तेव्हा समोर पाच-सहा माणसं उभी होती. दोघींच्या हातात कोयते. त्यातली एक लाल लुगड्यातली. मागे टोपीवाला.

"गावला!" टोपीवाला म्हणाला. "हाच तो मोजनीवाला."

मला काही कळेना. मला वाटत होतं मी चोरांच्या तावडीत सापडलोय, आणि त्यांना वाटत होतं चोर त्यांच्या तावडीत सापडलाय.

मला मळणीच्या खळ्यावर नेलं. सायकल एकाने धरली, पण अशी, शेपटीकडून विंचू धरावा तशी. तिथे एक घर होतं. अंगण नुकतं सारवलेलं, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, ओटीवर नवी चटई. चटईच्या टोकाला एक तिशीतला तरुण कडक इस्त्रीच्या सदऱ्यात, हलला तर इस्त्री मोडेल अशा भीतीने बसलेला. काहीतरी कार्य होतं. कोयता घेतलेल्यांच्या घरात कार्य असेल असं मला वाटलं नव्हतं.

"बोला सायेब," टोपीवाला म्हणाला. हे घर त्याचं होतं आणि इस्त्रीतला मुलगाही त्याचाच. "कदी बुडवताय आमाला?"

"मी? कुणाला?"

"गावाला. पानी कुटपर चढनार ते चुन्यानं दावलात नवं? गोल ती बुडीत शेतं आनि फुली ती बुडीत घरं. आमाला कळत नाय व्हय?"

नदीवर धरण होणार, अशी आवई त्या बाजूला दर थोड्या वर्षांनी उठायची आणि विरायची. मी ती कचेरीत चहाबरोबर ऐकलेली. पण ज्यांची शेतं नदीकाठी आहेत त्यांनी ती चहाबरोबर ऐकलेली नसते. तिकडे चुन्याची खूण म्हणजे नुसती खूण नव्हती. कुणीतरी कचेरीतून येतं, दगडाला चुना लावतं आणि निघून जातं, आणि त्या दिवसापासून गावाच्या नावाला एक शब्द चिकटतो. बुडीत. मग पाणी येवो न येवो.

मी म्हणालो, "अहो, मी मोजणीचा नाही. मी सहज सायकल चालवतोय."

"सहज?" लाल लुगडं म्हणालं. ती मुलाची आई. "सायकल चालवायला चुना लागतो?"

"तो माझ्या मित्रासाठी."

"मित्र कुटाय?"

"मागून येतोय." सगळ्यांनी मागे बघितलं. मागे फक्त एक कुत्रं होतं.

"आनि चाकाला मीटर कशापाय लावलाय?" टोपीवाल्याने खाली वाकून यंत्र वाचलं. शहापूरहून निघाल्यापासूनचा आकडा त्याने मोठ्याने वाचून दाखवला. त्या हिशोबाने मी सकाळपासून नाशिक करून परत आलो होतो. "हे बगा! खोटा आकडा लावतात. जमीन जास्ती, मोजनी कमी."

"हा आकडा तर जास्त दाखवतोय हो!"

"मंग तर लईच लबाड!"

मी तोंड उघडलं की प्रकरण वाढत होतं. कचेरीचं ओळखपत्र दाखवायला खिशात हात घातला आणि तसाच बाहेर काढला. त्यावर सरकारी शिक्का होता.

शेवटी आईने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ओ दादा. तुमी मोजनीवालं असाल तर असा, नसाल तर नसा. मला त्याचं कायपन नाय. आज दुपारला आमचेकडं पोरीवालं येतात, घर बघायला. पोर चांगली हाय, आमचे पोराला पसंत हाय. ह्याचे आदी दोन सोयरिकी मोडल्या. दोनीबी डाव लोकं काय बोल्ली ठावं हाय? 'बुडीत गावात कोन पोर देनार?' तवा तर चुन्याचा ठिपका नवता, नुसती आवई होती. आज तुमी सगला डोंगर रंगवून ठेवलाय."

ओटीवरच्या इस्त्रीकडे माझं लक्ष गेलं. तो जमिनीकडे बघत होता.

"म्हनून सांगते," ती म्हणाली, "आजचे दिस तेवढं पुसा. उद्या या परत, हवं तेवढं मोजा. मी च्या करीन तुमाला."

हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा लाज वाटली. त्याआधी वाटत होती ती भीती होती. दोन्हींत पाय सारखेच थरथरतात, म्हणून घोटाळा होतो.

मग पुसायला निघालो. त्या बाया-माणसांनी बरंच आधीच उरकलं होतं, कुकारे देत एकमेकांना सांगून. राबाची काजळी पाण्यात कालवून फासायची, नाही जमलं तर दगड पालथा, अगदीच मोठा असेल तर शेण. राहिलेल्या खुणा मी दाखवायच्या होत्या. आणि मला त्या आठवेनात! दुसऱ्याची परीक्षा घ्यायला निघालेला मी स्वतःच नापास होत होतो.

"इथं काय काडलंत?"

"बहुतेक गोल."

"बहुतेक?"

"किंवा फुली. एखाद्या झाडाखाली."

"रानात झाडाखाली," आई म्हणाली. "बरं झालं खून सांगितलीत."

टोपीवाला माझ्या मागे मागे, नजर माझ्या हातांवर. मी काजळी फासतोय की चोरून दुसरी खूण करतोय याची त्याला खात्री वाटत नव्हती. मी नाक पुसलं तरी तो विचारायचा, "हे काय केलंत?" दाढीचा ब्रश तर त्याने जप्तच केला.

शेवटी खळ्याच्या कोपऱ्यावरचा मोठा दगड उरला. त्याच्यावर, एवढा मोठा मिळाला म्हणून, मी सकाळी झाडीआडचं घर न बघता हौसेने मोठं वर्तुळ आणि आत फुली अशी नक्षी काढली होती. तो सच्छिद्र निघाला, चुना आत मुरला होता. काजळी टिकेना; शेण टिकलं असतं, पण अंगणाच्या तोंडाशी शेण थापलेला दगड पाहुण्यांना दाखवणार कसा? तेवढ्यात बांधापलीकडून जीपचा आवाज आला.

आई घरात धावली. बाहेर आली ती शेंदराची पुडी आणि तेलाची वाटी घेऊन. तेलात शेंदूर कालवला आणि दगडाला वरपासून खालपर्यंत लेपला. पळसाची फुलं पडली होती ती उचलून वर ठेवली. बघता बघता माझ्या खुणेचा देव झाला.

"अगो, हा कंचा देव?" नवऱ्याने विचारलं.

"पावनं जाईपरचा," ती म्हणाली. "हात जोडा." मग माझ्याकडे वळून, "तुमीपन."

मी काजळीने काळ्या झालेल्या हातांनी माझ्याच चुन्याला नमस्कार केला.

जीप खळ्यावर थांबली. मुलीकडचे उतरले. पुढे तिचा मामा. आटगावला राहणारा, मुंबईला रोज जाऊन येऊन कारखान्यात काम करणारा, अंगाने सडसडीत आणि डोळ्यांनी तपासणारा. आल्याआल्या त्याने चपला काढून शेंदराच्या दगडाला हात जोडले, आणि हाताला ओला शेंदूर लागला. तो त्याने नाकाशी धरून हुंगला. ओटीवर बसला, पाणी प्याला, आणि तांब्या खाली ठेवताठेवताच म्हणाला,

"मोरीवर चुन्याची फुली कसली?"

मोरी! पहिलीच खूण, आणि आम्ही सगळे आतल्या आत पुसत राहिलो होतो.

"ती व्हय?" आई म्हणाली. "ती आमीच काडली. पावन्यांची वाट चुकू नये म्हनून."

"बाण वाटेसाठी. मानलं. फुली कुनासाठी?"

आई पुन्हा तांब्या भरायला वळली. मामाने आवाज चढवला नाही. तो मुलाच्या बापाकडे वळून म्हणाला, "बघा पावनं, वाकडं बोलत नाय मी. आमची एक बहीन बुडीत गावात दिली होती. लगीन झालं आनि दुसऱ्या साली चुना लागला. ती अजून भाड्याचे खोलीत हाय. दुसरी पोर मी डोळं झाकून नाय देनार. मोजनी आली असंल तर आत्ता सांगा. आमी च्या पिऊन उठतो, राग नाय." मग त्याची नजर माझ्यावर थांबली. काळे हात, अर्धी चड्डी, गुडघ्याला खरचटलेलं. "आनि हे कोन?"

मी खरं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात जीपच्या मागच्या दाराशी कुणीतरी कण्हत उतरताना दिसलं. माझा मित्र. सदरा कोरडा. आणि जीपच्या टपावर, दोरीने नीट बांधलेली, त्याची सायकल.

कसं ते मला खरंच सांगता येत नाही, पण त्या क्षणी मी सगळं विसरलो. मुलगा, आई, बहीण, धरण, सगळं. मी ओरडलो, "जीपने आलास!"

"अरे पंक्चर झाली. या लोकांनी दया केली." तो मला बघून आनंदाने हसत होता. "तुझ्या खुणा बघत बघत येत होतो ना मी!"

"खुणा बघत? बरं. मोरीवर काय होतं?"

"बाण आणि फुली," तो म्हणाला. जीप तिथूनच वळली होती.

"आणि ओढ्याजवळ?"

तो विचारात पडला. "ओढ्याजवळ... गोल?"

"चूक! चांदणी होती! सागाखाली काय होतं?"

"फुली."

"दोन रेघा होत्या! लबाडा, तू भातसानगरलासुद्धा पेंढ्याच्या टेम्पोतून आलास!"

"नाही आलो!"

"केसांत काडी होती!"

"वारा होता!"

"वारा पडलेला होता!"

मी त्याचा सदरा धरला. त्याने माझा धरला. दोन पन्नाशीकडे झुकलेले सरकारी कारकून, एक काजळीने माखलेला आणि एक कोरडा ठणठणीत, परक्यांच्या सारवलेल्या अंगणात एकमेकांना ओढत होते, आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो की एवढ्याचसाठी मी सकाळपासून लोकांच्या दगडांना चुना फासत फिरलोय, तू टेम्पोतून येतोस हे सिद्ध करायला!

भान आलं ते शांततेने. ओटीवरचे सगळे आमच्याकडे बघत होते. आईने पदर तोंडाला लावला होता. हसत होती की रडत होती, कळायला मार्ग नव्हता. इस्त्रीतला मुलगा सकाळपासून पहिल्यांदाच हलला होता.

मामा उठून माझ्याजवळ आला. माझ्या पायांपासून डोक्यापर्यंत एकदा नीट बघितलं, सायकलचा डबा उघडून चुना हुंगला, आणि झाकण लावून ओटीकडे वळला.

"च्या टाका," तो मुलाच्या बापाला म्हणाला. "गाव काय बुडत नाय. सरकार कितीबी येडं असलं, तरी असलं ध्यान मोजनीला नाय धाडायचं."